पडवीतले जबडे

अहो अहो, तिथे नका टेकू! जबडा आहे तिथे! वरून गोधडी टाकलीय म्हणून बसायची जागा वाटते, पण खाली सगळं लोखंड आहे. परवा आमच्या मथुराकाकू अशाच ऐटीत टेकल्या, त्या अजून कुशीवर निजतायत. इकडे या, ह्या बाकावर बसा दोघं. बाकाखाली पण एक आहे म्हणा... पण तो लहान आहे, काही करत नाही.

ट्रंकेचं कुलूप म्हणता ना? होईल हो, कुलूप म्हणजे ह्यांच्या डाव्या हातचा मळ! आता डाव्या हाताचं मी बोलू नये, पण ते पुढे सांगते. हे गेलेत बंदरावर. लेक-जावई यायचेत जयगडाहून शिडाच्या मचव्यानं, लग्नानंतरची पहिली दिवाळी, सकाळपासून तीनदा टोपी चढवली नि तीनदा उतरवली, शेवटी मीच म्हटलं जा, तुम्ही इथे बसून भरती काही लवकर यायची नाही. तोवर बसा. तुम्ही नवे शेजारी, त्यातून घाटावरची माणसं, कुणी ना कुणी तुम्हाला सांगणारच की त्या घरी लोखंडाचं वेड आहे, तर ते मीच सांगते, निदान तिखटमीठ माझ्या हातचं पडेल.

तर हा जबडा. इंग्रजीत त्याला वाइस की कायसं म्हणतात, आम्ही आपले घरात जबडाच म्हणतो. लोहाराच्या, फिटरच्या बाकाला ठोकलेला असतो बघा, समोरासमोर दोन जबडे, मध्ये जाडजूड मळसूत्र, दांडा फिरवला की जबडा मिटतो आणि एकदा धरलेली वस्तू बापजन्मी सुटत नाही. कामाची वस्तू आहे, मी नाही कुठे म्हणतेय? पण किती?... पडवीत आहेत, खळ्यात आहेत, माजघराच्या दाराला एक अडसर म्हणून आहे, भाताच्या कणगीमागे दोन आहेत ते मला माहीत नाहीत असं ह्यांना वाटतं! एकाची मान फिरते, एक लांब एका पायावर उभा असतो बगळ्यासारखा, आणि तो कोपऱ्यातला, त्याचं तोंड कधीच पुरतं मिटत नाही, त्याला आम्ही मथुराकाकू म्हणतो... त्यांना सांगू नका हं! तुम्हाला सांगते, एक असता तर मी बोलले नसते!

आता हे म्हणजे कोण, तर आमचे हे. नाव काही मी घेणार नाही. ज्या राजानं स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी देऊन टाकलं, बायकोपोरगं विकलं पण खोटं बोलला नाही, त्याचं नाव. आईबापानं नाव ठेवलं आणि ह्यांनी ते मनावर घेतलं. खोटं म्हणून बोलायचं नाही! त्यापायी आमच्या लेकीचं, विमलाचं लग्न कसं मोडता मोडता... पण थांबा, ते नंतर. मी आपली मचवा सुटायच्या आधीच जयगडाला पोचले.

हे मुंबईस होते, गिरणीत फिटर. वर्षातून एकदा शिमग्याला यायचे, आगबोटीतून उतरायचे तेच मुळी कडक इस्त्रीत, नि पोरगी लाजून माझ्यामागे लपायची, बापाला ओळखायची नाही मेली. असे आपले दिवस चालले होते. आणि एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात हात गेला. डावा. अंगठा नि पहिलं बोट राहिलं, बाकीची तीन गेली. गिरणी तरी एका हाताच्या फिटरला ठेवून काय करणार? आले घरी. आले म्हणजे काय, पेटी आली, वळकटी आली, हे आले की नाही ते काही मला कळेना! डावा हात उपरण्याखाली. जेवताना उपरण्याखाली, निजताना उपरण्याखाली. इथे ह्या पडवीत बसायचे समुद्राकडे तोंड करून, आणि बोलायचं नाव नाही. माणसं भेटायला यायची, "काय भाऊ, बरं हाय ना?" तर मान हलवायची. त्या हलण्याला हो म्हणावं की नाही म्हणावं, येणारा आपला चहा पिऊन निघून जायचा. मी भैरीला नारळ बोलले. म्हटलं, देवा, दुसरं काही मागत नाही, ह्यांना एकदा तोंड उघडू दे. रागावू दे, भांडू दे, माझ्या आमटीला नावं ठेवू दे, पण बोलू दे!

देवानं ऐकलं हो. पण कसं ऐकलं बघा.

आमचा धाकटा दीर काशीराम, त्यानं एकदा बळेबळे ह्यांना बंदरावर नेलं. तिथे आमच्या सखाराम पडाववाल्याची होडी लागली होती. त्यानं नांगर टाकला, आणि नांगर म्हणजे काय? चिखलमाखलं, शिंपल्या चिकटलेलं, गंजून फुगलेलं असं एक लोखंडाचं धूड, दोरीला बांधलेलं! कुठल्या फुटक्या आगबोटीतनं आलं होतं देव जाणे. ह्यांनी ते बघितलं नि गुडघाभर पाण्यात शिरले, जोड्यांसकट! तो सखाराम काठावरनं ओरडतोय, "ओ दादानू, माझा नांगर हाय तो! न्हेता कुठं? होडी जायल माझी व्हावत!" हे कशाला ऐकतायत! शेवटी काशीरामानं त्याला आमच्या परसातला भोकाचा जुना जात्याचा दगड नेऊन दिला नांगराला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. आणि हे घरी आले ते भिजलेले, खांद्यावर ते धूड, उपरणं कुठे वाटेत पडलेलं, आणि दारातनंच मला हाक, "अगो, तेल हाय काय घरात?"

कितीतरी महिन्यांनी बोललेला पहिला शब्द, आणि तो काय? तेल! मी रडले की हसले ते आता आठवत नाही, पण उंडीच्या तेलाचा बुधला उचलून आख्खा दिला. दिव्याचं तेल होतं ते घरातलं. आणि इथेच, तुम्हाला सांगते, इथेच माझं चुकलं! एकदा बुधला दिला की दिला.

कारण तो जबडा पुरता दोन आठवडे काही उघडला नाही. हे उठले की तेल घालायचे, दांड्याला हिसका द्यायचे, तो ढिम्म. पुन्हा तेल. माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलायचे. "सुट रे बाबा... जरा सुट... घाई नाय..." मला इतक्या वर्षांत कुणी असं समजावलं नाही हो! आणि एका दुपारी मी वाल सोलत बसलेय, तर 'कर्र' करून असा आवाज आला नि मागोमाग हे ओरडले, "सुटला!" आगरातल्या माडांवरची पाखरं उडाली. मी धावत बाहेर आले, तर हे उजव्या हातानं दांडा फिरवतायत, जबडा उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय, आणि ह्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मग फणसाचा ओंडका आणून त्यावर तो ठोकला. आणि मला म्हणाले, "बघ, हा माझा डावा हात."

तसंच झालं हो. जे डाव्या हातानं धरायचं ते जबडा धरायचा, आणि उजवा हात कानस चालवायचा. कुलपं यायला लागली, कंदील यायला लागले, रहाटाचे खिळे, होडीच्या सुकाणूच्या कांबी. पडवीत माणसं बसायला लागली. आमटीला नावं ठेवली गेली! मी भैरीला नारळ फोडला, वर पेढे. तर अशी ती गोष्ट. अशी संपली असती तर किती गोड झाली असती! एक असता तर मी बोलले नसते...

पण तो सखाराम! त्याला वाटलं, ह्या माणसाला गंजकं लोखंड दिलं की हा खूश होतो. त्यानं सगळ्या बंदरांतून बातमी पसरवली. आणि मग हर्णैचा एक आला, विजयदुर्गाचा एक आला, कुणाच्या गोठ्यात म्हशीच्या दाव्याला बांधलेला एक मिळाला, एक तर देवळाच्या विहिरीत सापडला, तो तिथे कुणी कशाला टाकला असेल? मी विचारायची, "अहो, हात किती लागतात माणसाला? तुम्ही काय रावण आहात?" तर मला म्हणायचे, "अगो, बिचारा गंजत पडला होता, टाकून कसा येऊ?"  मलाही ह्यांचे ते मुके महिने आठवायचे. उठायची नि आत जायची.

आणि गंज काढायचा कशानं? आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. त्यांची सालं वाळवली की सोलं, आणि रस मीठ घालून बरणीत मुरवला की आगळ. तुमच्या घाटावर नसेल. आंबट असं की तांब्याचं भांडं लागलीच लखलखतं. मी भांडी घासताना ह्यांनी बघितलं आणि ह्यांच्या डोक्यात उजेड पडला! मला विचारायचं तरी? नाही. फळीवरची आगळाची मोठी बरणी काढली, घमेल्यात ओतली, जबडा त्यात बुडवला. संध्याकाळी काढला तर चांदीसारखा! सकाळी बघतात तर पुन्हा लाल. पुन्हा बुडवला. सकाळी पुन्हा लाल! अहो, होणारच! आगळात मीठ असतं मूठ मूठ, मिठानं लोखंड राहील का? पण स्वयंपाकघरात पाय न टाकलेल्या माणसाला हे कुठलं ठाऊक! आणि पुढचं ऐका. गिरणीतली सवय, वापरलेली वस्तू जागच्या जागी गेली पाहिजे. मग ह्यांनी काय केलं असेल? ते आगळ गाळलं, पुन्हा बरणीत भरलं, बरणी पुन्हा फळीवर! शिस्त म्हणजे शिस्त!

आणि त्याच आठवड्यात जयगडाची माणसं विमलाला बघायला आली.

मुलाची आई गंगुबाई, ठसठशीत बाई, नाकात ही एवढी नथ. मुलगा लाँचीवर यंत्राकडे असतो, तो खाली मान घालून बसलेला. जेवणं झाली, शेवटी विमला कढी घेऊन आली. सोलकढी! आमच्याकडे पाहुण्याला कढी दिली नाही तर जेवण झालं असं धरतच नाहीत. नारळाचा रस, त्यात आगळ, गुलाबी गुलाबी व्हायची... तर वाटीत काय? काळीनिळी! शाईची दौत सांडल्यागत!  गंगुबाईंनी वाटी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. "आमच्याकडं कढी गुलाबी असता हो," असं म्हणाल्या. बस. एवढंच. पण त्या एवढ्यात लग्न मोडायची सगळी तयारी होती!

मी म्हणणार होते की भांड्याला कल्हई नव्हती. तयार होतं माझ्या जिभेवर. पण आमचे सत्यवादी राजे आधी बोलले! "पोरीची चूक नाय," म्हणाले, "आगळात मी जबडा भिजवला होता."

 कुणाचा जबडा, कशाचा जबडा, त्या बाईंच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की ह्या घरात मेलेल्या म्हशीचं डोकं वगैरे काही आहे! मी मनात म्हटलं, धरणीमाते पोटात घे. आणि तेवढ्यात तो खाली मान घातलेला मुलगा, इतका वेळ हूं नाही की चूं नाही, तो मान वर करून म्हणाला, "मळसूत्र फिरतंय काय हो त्याचं?" आणि हे म्हणाले, "अडतंय जरा." की दोघं उठले! जेवणाच्या पानावरनं! हात धुतला की नाही कुणास ठाऊक, जे पडवीत गेले ते दिवेलागणीला गंगुबाईंनी तीन हाका मारल्या तेव्हा आले, हातभर तेल नि गंज. आणि मुलगा आईला म्हणाला, "आये, मला पसंत हाय." आता काय पसंत होतं, विमला की पडवी, ते मी अजून विचारलेलं नाही.

लग्न ठरलं वैशाखात. मांडव घातला खळ्यात. मी म्हटलं, आता तरी हे लोखंड हलवा. तर वारा सुटला, मांडव उडायला लागला, आणि ह्यांनी एकेका खांबाच्या बुडाशी एकेक जबडा बांधला. मांडव हलला नाही. सगळे म्हणाले, "वा भाऊ, वा!" माझं कोण ऐकतो?

पण ह्या सगळ्यात, तुम्हाला सांगते, मला एक गोष्ट दिसत होती. उपरणं पुन्हा आलं होतं. हळदीच्या दिवशी मी बघितलं, हात पुन्हा आत. आणि काशीराम माझ्याकडे आला, चुळबुळत, म्हणाला, "वयनी, दादा म्हणतो कन्यादान मी करायचं. मी काय बोलू?"  बाप जिवंत, बाप मांडवात उभा, आणि पोरीचं कन्यादान काकानं करायचं?

मी पडवीत गेले. हे पाठमोरे. त्या पहिल्या जबड्यात, नांगराच्या, काहीतरी धरलंय आणि कानस चाललीय बारीक बारीक. पुढे होऊन बघते तर काय, बोटं! पितळेची. तीन. वाकवलेली, घासून गुळगुळीत केलेली, मुळाशी चामड्याची पट्टी हाताला बांधायला. बाजूला पाण्याचा तांब्या, नि जमीन सगळी ओली.  ह्यांनी ती बोटं हाताला बांधली, ओंजळ केली, मला म्हणाले ओत. मी ओतलं. पितळेच्या फटींतनं सगळं पाणी खाली. "गळतंय गो," म्हणाले. "सकाळपासून करतोय, गळतंय. चार माणसांत माझ्या हातात पाणी ठरायचं नाय. काशीरामाचे हात धड हायत."

मला इतका राग आला! आणि इतकं भरून आलं, की दोन्ही एकदमच बाहेर पडलं. मी म्हटलं, "गळतंय तर गळू दे की! गळून जाणार कुठे? खाली विमलाची ओंजळ असते ना? तिच्याखाली जावयाची! बापाच्या हातात पाणी ठरवायचं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? ते सोडायचंच असतं!"

 हे खाली ओंडक्याला टेकून बसले. आणि अगदी हळू म्हणाले, "तेच सोडवत नाय गो... मुंबईस होतो तवा ती मला वळखत नव्हती. आता कुठं वळखायला लागली."

तर असं होतं ते! हात नव्हताच कारण. हात आपला पुढे केला होता. माझं तरी काय वेगळं होतं? मी त्या जबड्याचा दांडा धरला नि उलटा फिरवला. म्हटलं, "हे बघा, तुमच्या ह्या जबड्यालासुद्धा दांडा दोन्हीकडे फिरतो. नुसता आवळता आला असता नि सोडता आला नसता, तर तुम्हीच त्याला गंजलेला म्हटला असतात. दोन आठवडे सुट रे बाबा, सुट रे बाबा करत बसला होतात ते कशासाठी?"  ह्यांनी चामड्याची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी मांडवात उपरणं खांद्यावर होतं. हात बाहेर. सगळ्यांनी बघितला, बघू देत! खाली काशाचं ताट, त्यावर जावयाची ओंजळ, तिच्यावर विमलाची, सगळ्यात वर ह्यांची, आणि मी झारीतनं धार धरली. आणि तीन बोटं जिथे नव्हती ना, बरोब्बर तिथनं पाणी सरळ पोरीच्या ओंजळीत पडत होतं. काशीरामाचे हात धड होते, पण इतकी सरळ धार त्याला जमली नसती, माझं ठाम मत आहे! पोरगी पाण्याकडे बघत नव्हती, बापाच्या हाताकडे बघत होती. गंगुबाई नथ सावरत रडत होत्या, काशीराम रडत होता. आणि हे? हे रडले नाहीत. धार संपल्यावरसुद्धा ओंजळ तशीच धरून उभे राहिले. मग मीच खालून माझा हात लावला नि ह्यांचे हात मोकळे केले.

ती पितळी बोटं? ती काय, तुमच्या डोक्यावर! कंदील टांगलाय ना भिंतीला, तो त्याच बोटांवर. मोडीत काढायला माझा जीव झाला नाही. लग्नानंतर घर असं काही सुनं झालं, की एका रविवारी मीच ह्यांना म्हटलं, "सखाराम बरेच दिवसांत आला नाही हो." जीभ माझी! जीभ नव्हे, वैरीण! दुसऱ्याच दिवशी दारात दोन! एक असता तर... जाऊ दे.

ऐकलंत? कुत्रं भुंकतंय. आले वाटतं! त्या बघा चिऱ्याच्या पायऱ्यांवर... ती विमला, हिरवं लुगडं, अगोबाई, अंगानं भरलीय हो जराशी! आणि ते जावई. आणि ते... खांद्यावर काय आहे त्यांच्या? फराळ असेल. गंगुबाईंनी फणसपोळी... नाही, फणसपोळीनं माणूस असा वाकत नाही. गोणपाट आहे. गोणपाटाला लाल डाग! आणि ह्यांना बघा, मागनं दोन्ही हातांनी धरलंय, दोन्ही, उपरण्याचं भान नाही, तोंड तर बघा, जसा काही दिवाळसण ह्यांचाच! अहो, सण सासऱ्यानं जावयाला करायचा असतो, जावयानं सासऱ्याला हे असलं आणायचं असतं का?

"अगो, ऐकलंस काय? बघ ह्यानं काय आणलान! लाँचीवरचा हाय! बिनमिठाची सोलं हायत काय घरात?"

ऐकलंत ना? पोरगी दारात उभी, अजून पायांवर पाणी नाही घातलं, आणि पहिला शब्द सोलं! आहेत हो, आहेत! ह्या खेपेस मीच वेगळी वाळवून ठेवलीयत, बिनमिठाची, वरच्या फळीवर. म्हटलं मागायची वेळ येणारच. एक असता तर मी... छे, आता बोलून तरी काय होतंय? बरणी काढते. आणि तुम्ही दोघं, राग नका मानू हं, पण जरा उठता का? तो आता जिथे ठेवतील ना, नेमके तिथेच बसलायत तुम्ही.